व्हीएफएक्सला शिव्या द्या, पण पत्ता बरोबर टाका

कुठलाही सुपरहिरो सिनेमा लागला की पहिल्या शुक्रवारी दुपारपर्यंत आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम होतो. कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतं. त्यात हिरोचा चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा दिसत असतो, आणि वर लिहिलेलं असतं, 'हे कसलं व्हीएफएक्स? आमच्या गल्लीतलं पोरगं मोबाइलवर यापेक्षा बरं करेल.' खाली दीडशे हसरे इमोजी.

हसायला माझी ना नाही. काही शॉट खरंच हसण्याच्या लायकीचे असतात. पण ते 'गल्लीतलं पोरगं' वाचलं की मी जरा थांबतो. कारण बऱ्याचदा ते काम खरोखरच गल्लीतल्या पोरानं केलेलं असतं. सिडकोतल्या नाहीतर सातपूरच्या पोरानं. मालाडला नाहीतर गोरेगावला चौघांत खोली करून राहणाऱ्या, आणि रात्री अडीच वाजता अमेरिकेतून आलेला निरोप वाचून तोच शॉट चौतिसाव्यांदा उघडणाऱ्या पोरानं. मी स्वतः पाच वर्षं हे काम केलंय. त्याबद्दल पुढे बोलतो. आधी सिनेमाबद्दल बोलू, कारण मुद्दा तिथूनच सुरू होतो.

'व्हीएफएक्स भारी होते पण कथेत दम नव्हता' किंवा याच्या उलट, असं आपण सर्रास बोलतो. बाकीच्या सिनेमांना हे लागू असेलही. सुपरहिरो सिनेमात ही वाटणी मला पटत नाही. तिथे हिरोचं अंगच व्हीएफएक्समध्ये बनतं. तो उडतो, पडतो, मार खातो, त्याला लागतं, त्याचा श्वास फुलतो, हे सगळं कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसांनी केलेलं असतं. म्हणजे निम्मा अभिनय त्यांचाच. आता हिरोला लागलंय असं जर आपल्याला वाटलंच नाही, तर पुढे तो जगासाठी प्राण पणाला लावतोय वगैरे गोष्टींना काय अर्थ राहिला?

माझी मोजपट्टी एकच आहे, आणि ती वजनाची. पडद्यावरच्या वस्तूला वजन आहे असं वाटतंय की नाही एवढंच मी बघतो.

२००४ चा 'स्पायडर-मॅन २' आठवा. ट्रेनचा प्रसंग. ब्रेक निकामी झालेली गाडी, पुढे रूळ संपलेला, आणि हा पोरगा इंजिनाच्या तोंडाशी उभा राहून दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळी मारतोय. आधी पाय रोवून थांबवायचा प्रयत्न करतो तर रुळाखालचे ओंडके फटाफट तुटत जातात. मग जाळ्या ताणल्या जातात. त्या लगेच काम करत नाहीत हे महत्त्वाचं. इमारतींचे तुकडे उखडून येतात, मग अजून जाळ्या, मग त्याचे हात खांद्यातून निखळतील की काय असे ताणले जातात, अंगावरचा पोशाख फाटतो. गाडी हळू होते, आणखी हळू होते, थांबते. आणि मग त्याचे डोळे मिटतात. आतले प्रवासी त्याला धरतात, डोक्यांवरून हातोहात आत घेतात, खाली निजवतात. मुखवटा नसतो. हा तर आपल्या पोराएवढा आहे, असं एक जण म्हणतो.

या प्रसंगाला आज वीस वर्षं उलटून गेली. त्यातले काही शॉट आता जुने वाटतात, रबरी वाटतात, खोटं कशाला बोला. तरी प्रसंग चालतो. कारण त्या माणसांनी गाडीचं वजन आपल्याला टप्प्याटप्प्यानं दाखवलंय. पहिला प्रयत्न फसतो, दुसरा अर्धवट फसतो, तिसऱ्याला किंमत मोजावी लागते. त्या सिनेमाला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं. त्यात डॉक्टर ऑक्टोपसचे चार हात होते तेही काही सगळे कॉम्प्युटरमधले नव्हते. बऱ्याच शॉटमध्ये ते खरोखरचे बनवलेले हात होते आणि कळसूत्री बाहुल्यांसारखे माणसं ते हलवायची. त्यामुळे आल्फ्रेड मोलिनाला अंगावर काहीतरी खरं ओझं होतं. नटाच्या खांद्यावर ओझं असलं की ते आपल्यापर्यंत पोचतं.

त्याच्याही मागे जा. १९७८ चा 'सुपरमॅन'. माणूस उडू शकतो यावर तुमचा विश्वास बसेल, हीच त्या सिनेमाची जाहिरात होती. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. ख्रिस्तोफर रीव्हला लटकवलेला, मागे पडद्यावर आकाशाचं चित्र टाकलेलं. तो जागचा हलायचा नाही. कॅमेऱ्याची झूम आणि मागचं चित्र टाकणाऱ्या यंत्राची झूम एकमेकांशी जुळवून अशी युक्ती केली होती की मागचं आकाश तेवढंच राहायचं आणि माणूस आपल्या अंगावर उडत येतोय असं वाटायचं. पण खरी गंमत रीव्हची आहे. तो स्वतः विमान चालवायचा, ग्लायडर चालवायचा. वळताना अंग कसं कलतं हे त्याला माहीत होतं. बाकीचे नट तारेवर लटकले की लटकल्यासारखे दिसतात, हा वळण घेताना खांदा झुकवतो. यंत्र कितीही चांगलं असलं तरी तो खांदा झुकला नसता तर ते उडणं लटकणंच राहिलं असतं.

आणि आपण नाशिककर आहोत, तर आपल्या माणसाचं नाव घ्यायलाच हवं. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन'. कृष्ण त्यांचीच मुलगी मंदाकिनी. डोहात उडी, पाण्याखाली नागाशी झुंज, मग फण्यावर नाच. सुपरहिरो हा शब्द रूढ व्हायच्या आधीचा सुपरहिरो सिनेमा आहे तो. त्याची सुरुवात मला फार आवडते. चमत्कार दाखवायच्या आधी दादासाहेब त्या पोरीचा नुसता चेहरा दाखवतात. हसू, राग, भीती, एकामागून एक भाव. मग तीच मुलगी कृष्णाच्या वेषात दिसते. ही माझी पोर, बघून घ्या, आता ही डोहात उडी मारणार आहे, असंच जणू आधी सांगून ठेवलंय. नाग कापडाचा आहे हे तेव्हाच्या प्रेक्षकालाही कळत असणार. पण पाण्यात गेलेली पोर खरी आहे हे त्याला आधीच पटवून दिलेलं होतं. पाथर्डी फाट्याकडून जाता-येता पांडवलेण्याच्या पायथ्याला फाळके स्मारक दिसतं आपल्याला, पण आत जाऊन हा सिनेमा मुलांना दाखवावा असं किती शाळांना वाटतं कोण जाणे. असो.

तर चेहरा. २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मधला थॅनोस आठ फुटी, जांभळा, हनुवटीवर खाचा असलेला. कागदावर हे ध्यान हास्यास्पद आहे. तरी अख्खा सिनेमा तो खाऊन टाकतो. कारण जॉश ब्रोलिनच्या चेहऱ्यावर ठिपके लावून, डोक्यावरच्या कॅमेऱ्यांनी त्याची प्रत्येक सुरकुती टिपली, आणि मग डिजिटल डोमेन, वेटा यांच्याकडच्या कलाकारांनी महिनोन्महिने बसून ती त्या जांभळ्या तोंडावर आणली. मुलीला कड्यावरून ढकलायच्या आधी त्याच्या डोळ्यांत पाणी येतं ते आठवा. त्या पाण्यासाठी कुणीतरी कित्येक आठवडे बसलेलं असतं. ते आठवडे मिळाले म्हणून थॅनोस झाला.

आता आठवडे नाही मिळाले तर काय होतं तेही बघा. २०१७ चा 'जस्टिस लीग'. सिनेमाचं बरंच चित्रीकरण पुन्हा करायचं ठरलं. तोवर हेन्री कॅव्हिलनं दुसऱ्या सिनेमासाठी, म्हणजे 'मिशन इम्पॉसिबल'साठी, मिशी वाढवली होती आणि त्या सिनेमाची कंपनी ती काढू देईना. मग सुपरमॅनची मिशी कॉम्प्युटरवर पुसायची ठरली. परिणाम जगानं पाहिला. सिनेमाच्या पहिल्याच दृश्यात सुपरमॅन बोलतो आणि त्याचा वरचा ओठ कुणा दुसऱ्याच माणसाचा वाटतो. माणसाचा चेहरा वाचायची सवय आपल्याला जन्मापासून असते, त्यामुळे तिथे केसभर चूक झाली तरी मेंदू ओरडतो. अजगर चुकला तर चालतं, ओठ चुकला की खेळ संपला. आणि हसलं कोण कुणाला? सगळे 'व्हीएफएक्सवाल्यां'ना हसले. दोन मोठ्या कंपन्यांचं एका मिशीवरून जमेना, त्यात ओठ घडवणाऱ्याचा काय दोष?

'ब्लॅक पँथर' घ्या. त्या सिनेमाला तीन ऑस्कर मिळाले: पोशाख, कलादिग्दर्शन आणि संगीत. वाकांडातलं कापड, मणी, भिंती, सगळं हाताला लागेल असं. आणि शेवटची मारामारी? भुयारातल्या रुळांवर दोन रबरी बाहुल्या एकमेकींवर आपटतात. ज्या सिनेमानं पोशाखाचं ऑस्कर मिळवलं, त्याच्या कळसाला तोच पोशाख डिजिटल झाला आणि त्यातलं वजन गेलं. मला तो सिनेमा आवडतो, म्हणूनच हे जास्त खटकतं.

'द फ्लॅश'चं (२०२३) प्रकरण तर मजेशीर. रुग्णालयाच्या इमारतीतून बाळं खाली पडतायत आणि बाळांचे चेहरे बघवत नाहीत. टीका झाल्यावर दिग्दर्शकानं सांगितलं, फ्लॅशच्या वेगातून जग असंच वेडंवाकडं दिसतं, आम्ही ते मुद्दाम तसं ठेवलंय. असेल बुवा. पण मुद्दाम ठेवलेली गोष्ट प्रेक्षकाला सिनेमातच कळायला हवी, मुलाखतीत नव्हे.

इथे मला हमखास 'मिस्टर इंडिया' आठवतो. १९८७. शेखर कपूरचं दिग्दर्शन, आणि ट्रिक फोटोग्राफी पीटर परेरांची. सगळी करामत कॅमेऱ्यात आणि लॅबमध्ये. तारा, काचा, फिल्मवर पुन्हा पुन्हा एक्सपोजर. त्यातला हिरो दिसतच नाही! म्हणजे सगळ्यात स्वस्त सुपरपॉवर. पण नियम काय आहे हे शेंबड्या पोरालाही पहिल्या फटक्यात कळतं: लाल उजेडात तो दिसतो. बास. आता कुठेही लाल दिवा दिसला की आपल्या पोटात गोळा येतो. मारुतीची मूर्ती गुंडाला बदडते तेव्हा थिएटरमध्ये शिट्ट्या पडायच्या, कारण मूर्तीमागे कोण आहे हे आपल्याला ठाऊक आणि त्या गुंडाला नाही. इफेक्ट म्हणजे एवढंच: नियम, मर्यादा आणि वेळ साधणं. तांत्रिकदृष्ट्या आजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानंही तो शॉट करावा. पण कुठला शॉट करायचा हे आधी ठरलेलं होतं, ही त्यातली खरी श्रीमंती.

अलीकडचं उदाहरण हवं तर 'मिन्नल मुरली' (२०२१). मल्याळम. गावातला शिंपी, त्याच्यावर वीज पडते. त्याच रात्री गावातल्या आणखी एका माणसावर पडते, आणि तो व्हिलन होतो. मार्व्हलच्या एका सिनेमाच्या चहापाण्याच्या खर्चात केला असावा. इफेक्ट मोजकेच, पण प्रत्येक इफेक्ट कुणाच्या तरी अपमानातून किंवा प्रेमातून येतो. शिबू हात उगारतो तेव्हा आपल्याला त्याची भीतीही वाटते आणि त्याच्याबद्दल वाईटही वाटतं. गुरू सोमसुंदरमचा चेहरा आणि इफेक्ट करणाऱ्यांचं काम यात फट दिसत नाही, कारण काय हवंय ते दिग्दर्शकाला माहीत होतं.

म्हणजे बघा, मी जी चांगली उदाहरणं दिली त्यात पैसा कमी-जास्त आहे, तंत्र तर जमीन-अस्मानाच्या फरकाचं आहे. सगळीकडे सारखी एकच गोष्ट आहे: आधी ठरवलं, मग केलं. आणि फसलेल्यांमध्येही बहुतेक ठिकाणी एकच: ठरलंच नाही, किंवा ठरलेलं शेवटच्या महिन्यात बदललं.

आता माझ्या खोलीतलं सांगतो.

पडद्यावर एका सेकंदाला चोवीस फ्रेम असतात. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे एकशे वीस फ्रेम. त्यातल्या प्रत्येक फ्रेममध्ये नटाच्या कडेनं रेघ काढून त्याला मागच्या दृश्यापासून सुटा करायचा, याला रोटो म्हणतात. तार पुसायची, मायक्रोफोन पुसायचा, चेहऱ्यावरचे ठिपके पुसायचे, याला पेंट म्हणतात. हिरोचे केस वाऱ्यावर उडत असले की एक शॉट आठवडा खातो. जगभरच्या मोठ्या सिनेमांचं हे काम मोठ्या प्रमाणात भारतात होतं: मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई. 'इन्फिनिटी वॉर'सारख्या सिनेमात अडीच हजारांहून जास्त शॉट व्हीएफएक्सचे असतात. त्यातला ड्रॅगन नाहीतर अंतराळयान कुठेही बनो, खालचा हा पाया बहुतेक वेळा आपली पोरं घालतात. हे काम चांगलं झालं की दिसत नाही. दिसलं तर ते चुकलेलं असतं. म्हणून तुम्ही त्याचं कौतुक कधीच करणार नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

तक्रार दुसरीच आहे. या धंद्यात कामाची रक्कम आधी ठरते. शॉटमागे इतके पैसे, इतक्या तारखेला द्यायचं. मग सिनेमावाले शॉट बदलतात. घराचं काम कंत्राटानं दिलंय, स्लॅब पडलाय, आणि मालक येऊन म्हणतो जिना इकडून नको तिकडून घ्या. आपल्याकडचा मिस्त्री तिथेच हातातली थापी खाली ठेवेल आणि जास्तीचे पैसे मागेल. व्हीएफएक्स कंपनी मागत नाही, कारण मागितले तर पुढचं काम दुसऱ्या कंपनीला जाईल. मग जिना कोण तोडतं? रात्रपाळीची पोरं. लॉस एंजलिसची सकाळ होते तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते, त्यामुळे 'फक्त एवढं बदला' हा निरोप नेहमी झोपायच्या वेळेला येतो.

मी होतो ती कंपनी छोटी होती, नाव घेत नाही. सिनेमाचं नाव तर घेताच येत नाही, करारात तसं लिहून घेतात. शेवटचे सात आठवडे आम्ही रविवार पाहिला नाही. जादा तासांचा एक रुपया आला नाही, 'टीम स्पिरिट' म्हणून पिझ्झा आला. सिनेमा लागला तेव्हा मी आईला घेऊन गेलो होतो. नावांच्या यादीत माझं नाव नव्हतं. एका कंपनीची किती नावं जाणार याचाही कोटा असतो आणि मी त्यात बसलो नाही. आईला मी सांगितलं, फार पटकन गेलं ना, दिसलं नसेल तुला.

शेवटच्या सीनसाठी लोक मार्व्हलचा सिनेमा संपल्यावरही बसून राहतात, ही मला त्या कंपनीची सगळ्यात उपकारक सवय वाटते. तेवढ्यात नावं सरकत असतात. पाटील, जाधव, शिंदे, कुलकर्णी, मग रेड्डी, अय्यर, खान. पुढच्या वेळी मोबाइल काढायच्या आधी दोन मिनिटं वाचा. आपले किती आहेत ते मोजा.

ही माझ्या एकट्याची रड आहे असं वाटत असेल तर जगात काय झालं ते बघा. 'ऱ्हिदम अँड ह्यूज' नावाची अमेरिकन कंपनी होती. 'द इन्क्रेडिबल हल्क'सारख्या सिनेमांवर तिनं काम केलं होतं. मुंबई आणि हैदराबादलाही तिची ऑफिसं होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात 'लाइफ ऑफ पाय'मधल्या वाघासाठी तिच्या माणसांना ऑस्कर मिळालं. मंचावर त्यांचा प्रमुख कंपनीच्या हालाखीबद्दल बोलायला लागला, तेवढ्यात संगीत वाजवून त्याला थांबवलं. बाहेर रस्त्यावर शेकडो कलाकार निदर्शनं करत होते. बारा वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, टेक्निकलर समूह कोसळला. त्याच समूहातल्या एमपीसीनं 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'मधला ग्रूट घडवला होता, ज्या झाडाला बघून तुमची मुलं हसली-रडली. आपल्याकडे बंगळूर आणि मुंबईतली माणसं एका झटक्यात घरी बसली.

मधल्या काळात एक चांगली गोष्टही झाली. २०२२ पासून मार्व्हलचं काम केलेले कलाकार माध्यमांशी बोलायला लागले. अपुरी माणसं, शेवटच्या क्षणी बदललेला सिनेमाचा शेवट, नकार दिला तर काळ्या यादीत जायची भीती. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या थेट पगारावरच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी संघटना करायच्या बाजूनं मतदान केलं, एकही मत विरोधात गेलं नाही. मात्र ते कर्मचारी अमेरिकेतले, संख्येनं पन्नासेक. मालाडच्या पोराला त्यातून काही मिळत नाही. उलट तिकडे माणूस महाग झाला की काम इकडे येतं, तेही अजून कमी दरात. हे मी संघटनेच्या विरोधात म्हणत नाहीये. इकडेही हवी असं म्हणतोय.

सरकार काय करतंय? नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फीत केंद्रानं जाहीर केलं की परदेशी निर्मात्यांनी भारतात केलेल्या खर्चावर चाळीस टक्क्यांपर्यंत परतावा मिळेल, कमाल ३० कोटी. आधी तो ३० टक्के होता. व्हीएफएक्सचं कामही त्यात बसतं. मुंबईत सर्जनशील तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था उभी राहते आहे. आपल्या राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं, ३,२६८ कोटींच्या आराखड्यासह, आणि दोन लाख रोजगारांचं लक्ष्य ठेवलं. हे सगळं चांगलं आहे, मी टाळ्या वाजवतो. पण दोन लाख रोजगार म्हणजे किती तासांचे रोजगार, हे कुणी विचारलं का?

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाचे पैसे दुप्पट दरानं द्यायचे लिहिलंय. प्रत्यक्षात 'तू कामगार नाहीस, आर्टिस्ट आहेस' असं म्हटलं की पोरगं खूश आणि तासांचा हिशोब बंद. मला एवढंच म्हणायचंय की सरकार जर कंपनीला आमच्या करातून सवलत देणार असेल, तर सवलतीच्या अर्जासोबत कामाच्या तासांची आणि दिलेल्या ओव्हरटाइमची नोंद मागावी. ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांची नावं सिनेमात जावीत, ही अट घालावी. नावाला काही खर्च येत नाही. आणि कंपनी बुडाली तर तीन महिन्यांचा पगार बाजूला ठेवलेला असावा. कुठल्याही एमआयडीसीतला कामगार नेता हे मागताना कचरला नसता. नाशिकचे आमदार-खासदार आयटी पार्कवर तावातावानं बोलतात, त्यांच्यापैकी एकानं तरी हे सभागृहात विचारावं.

'आम्ही साडेतीनशेचं तिकीट काढलंय, आम्हाला वाईट दिसलं तर वाईट म्हणणार' असं कुणी म्हणेल. म्हणा की! तुम्ही म्हटलंच पाहिजे. फक्त कुणाला म्हणताय ते बघा. शॉट वाईट दिसला तर विचारा की सिनेमाची तारीख कुणी ठरवली, शेवट कितीदा बदलला, दिग्दर्शकाला काय हवं होतं. पूर्वी मला वाटायचं हे प्रेक्षकाला कळणं अवघड आहे. पण अवघड नाही. सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या तासातले इफेक्ट छान आणि शेवटच्या अर्ध्या तासातले भिकार, असं दिसलं की समजा वेळ संपली होती, हात वाईट नव्हते. सगळी शेवटची लढाई काळोखात, धुरात, पावसात चाललीय, कॅमेरा एका जागी दोन सेकंद टिकत नाही, तर तिथे बहुतेक काहीतरी झाकलंय. आणि कॅमेरा जर माश्यासारखा कुठूनही कुठेही घोंघावत असेल, माणसाला उभं राहता येणार नाही अशा जागेवरून, तर तिथलं वजन आपोआप जातं, कितीही पैसे ओता. जरा बघायची सवय लागली की हे सगळं दिसायला लागतं.

आता शेवटचा मुद्दा, कारण दहावी-बारावीचे निकाल लागले की मला फोन येतातच. 'पोरगा म्हणतो व्हीएफएक्सचा कोर्स करतो, फी दोन-अडीच लाख सांगतायत, घालू का?' कॉलेज रोडपासून गंगापूर रोडपर्यंत फ्लेक्स लागलेत, प्रत्येकावर तेच सुपरहिरो, जणू पोरगा पास झाला की सोमवारी मार्व्हलमध्ये. संस्थेत जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. मागच्या बॅचच्या मुलांचा सहा महिन्यांनंतरचा पगार किती, तोही मुलांना फोन करून विचारा. चित्रकला, शरीररचना, छायाचित्रण शिकवतात की नुसतं सॉफ्टवेअर? नुसतं सॉफ्टवेअर असेल तर उठून या, कारण रोटोचं पहिलं ढोबळ काम आता यंत्रच करायला लागलंय आणि त्या एका कौशल्यावर आयुष्य काढता येणार नाही. आणि पोराला वजन कळतं का ते बघा. त्याला सांगा, भरलेला गॅस सिलिंडर उचलणारा माणूस आणि रिकामा उचलणारा माणूस, दोन्ही काढून दाखव. नुसत्या रेघांत काढू दे. फरक दिसला तर पोराला घाला, नसेल दिसत तर आधी वर्षभर चित्रकला शिकू द्या.

आणखी काही विचारायचं असेल तर इनबॉक्समध्ये विचारा, रविवारी दुपारी उत्तरं देतो. कुठली संस्था चांगली, कुठली वाईट, याची नावं मात्र मागू नका, आणि 'दादा, मार्व्हलमध्ये ओळख आहे का' असंही विचारू नका.